प्रकाश प्रदूषण, सागरी

समुद्रावर रात्री पडणाऱ्या मानवनिर्मित उजेडामुळे सागरी जीवांच्या हालचाली, प्रजनन व भक्ष्यशोध यांत होणारा बिघाड. बंदरे, किनारी शहरे, जहाजे व दिव्यांवरची मासेमारी हे त्याचे प्रमुख स्रोत.

संज्ञेचा उगम एकाच ठिकाणी दाखवता येत नाही. खगोलशास्त्रज्ञ कर्ट रीगल यांनी १९७३ मध्ये ‘प्रकाश प्रदूषण’ हा शब्द खगोलवेधांतील अडथळ्यासाठी वापरला. प्राण्यांची दिशाभूल करणाऱ्या उजेडाला फेरहायेन यांनी १९८५ च्या सुमारास ‘फोटोपोल्युशन’ म्हटले. लाँगकोर व रिच यांनी २००४ मध्ये खगोलीय आणि पारिस्थितिकीय असे दोन भाग पाडले. तारे झाकोळणे वेगळे आणि कासवाच्या पिल्लाने समुद्राऐवजी रस्त्याकडे वळणे वेगळे. म्हणून हीच विभागणी ग्राह्य वाटते. हल्ली रूढ होत असलेली ‘रात्रीचा कृत्रिम प्रकाश’ ही संज्ञा तटस्थ आहे, किंबहुना जरा जास्तच.

पौर्णिमेचे चांदणे फार तर ०.३ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) भरते. रस्त्यावरच्या दिव्याखाली १० लक्स सहज मिळतात. दिवसा खोल राहणारे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) अंधार पडल्यावर चरायला वर येतात. उजेड असला की ते खालीच थांबतात. स्मिथ व सहकाऱ्यांच्या २०२१ मधील जागतिक नकाशानुसार १ मी. खोलीवर सु. १९ लाख चौ. किमी. समुद्र अशा उजेडाखाली येतो, २० मी. खोलीवर सु. ८.४ लाख. यातील उजेडाचा किमान उंबरठा कॅलॅनस या कोपेपॉडाच्या (चिमुकल्या कवचधारी प्लवकाच्या) संवेदनेवरून ठरवलेला असल्याने मासे वा प्रवाळांना तो जसाच्या तसा लावू नये. क्लाउनफिशच्या अंड्यांवरील प्रयोगात (२०१९) रात्रीही उजेड ठेवला असता एकही पिल्लू बाहेर आले नाही.

पांढऱ्या एलईडीतील निळा अंश स्वच्छ पाण्यात खोल जातो. गढूळ पाण्यात तो लवकर विरतो. बडोद्याची विश्वामित्री ढाढर नदीतून ज्या खंबायतच्या आखातात पोहोचते, तेथे भरती-ओहोटीने गाळ सतत ढवळलेला असतो. त्यामुळे तेथे उजेडाचा परिणाम मुख्यतः वरच्या थरापुरता धरावा. गोड्या पाण्यातही उजेडाने भक्ष्यशोध बदलतो : बडोद्यातील सुरसागर तलावाच्या कठड्यावरचे दिवे लागले, की पाण्यालगत किडे घोंगावतात आणि ते टिपायला मासे वर येतात. कोळ्यांना ही युक्ती जुनीच. भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला २०१७ मध्ये बंदी घालण्यात आली.