बकेटला फोल्डरचे रूप कसे मिळाले

दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच संगणकावर असल्यासारखी उघडावी, ही अपेक्षा क्लाउडपेक्षा बरीच जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास एनएफएस आणले, तेव्हापासून दूरची डिस्क जोडून घेण्याची पद्धत रूढ झाली; पण तिथे पलीकडच्या बाजूलाही खरीखुरी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइल आणि फोल्डर सांभाळणारी व्यवस्था, असे.

१४ मार्च २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने एस३ ही क्लाउडवर माहिती साठवण्याची सेवा सुरू केली, तेव्हा फाइल सिस्टीमच्या बहुतेक सोयी तिने बाजूला ठेवल्या. बकेटमध्ये, म्हणजे सेवेतल्या एका साठवण-कप्प्यात, ऑब्जेक्ट (माहितीचा एक अखंड तुकडा) ठेवायचा, त्याला एक नाव द्यायचे, आणि एचटीटीपीच्या विनंतीने तो लिहायचा, वाचायचा किंवा पुसायचा, एवढाच व्यवहार. 'फोटो/दिवाळी/अंगण' या नावातील तिरकी रेघ हे नावातलेच एक अक्षर असते. समान सुरुवातीच्या नावांची यादी मागवून फोल्डर केवळ भासवला जातो. ही उणीव मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण या साधेपणामुळेच प्रचंड साठा असंख्य यंत्रांवर पसरवणे सोपे झाले.

योगायोगाने त्याआधी काही महिनेच, ऑक्टोबर २००५ मध्ये, लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, २.६.१४ या आवृत्तीत मिक्लोश सेरेदी यांचे फ्यूज समाविष्ट झाले होते. त्यामुळे कर्नलमध्ये बदल न करता, साध्या प्रोग्रॅमच्या रूपात फाइल सिस्टीम लिहिता येऊ लागली: कोणी फाइल उघडली की कर्नल ती मागणी त्या प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि प्रोग्रॅम तिचे उत्तर कुठूनही आणू शकतो. एस३एफएस हा प्रोग्रॅम याच वाटेने आला आणि बकेट माउंट होऊ लागली, म्हणजे फोल्डरसारखी संगणकाला जोडता येऊ लागली.

खरी अडचण इथून सुरू झाली. डिस्कवर फोल्डरचे नाव बदलणे क्षणाचे काम असते, कारण बदलते ती फक्त एक नोंद. बकेटमध्ये मात्र आत दहा हजार ऑब्जेक्ट असतील, तर प्रत्येकाची नव्या नावाने प्रत करून जुना पुसावा लागतो, आणि मध्येच जोडणी तुटली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे राहतात. मोठ्या फाइलमधील एक ओळ बदलली तरी नवा ऑब्जेक्टच तयार करावा लागतो. शिवाय डिसेंबर २०२० पर्यंत एस३ ची यादी लगेच अद्ययावत असेल याची हमी नव्हती. नुकतीच लिहिलेली फाइल काही काळ दिसत नसे, आणि वापरणाऱ्याला ती हरवल्यासारखी वाटे.

यावर दोन भूमिका पुढे आल्या. निक क्रेग-वुड यांच्या आरक्लोन या प्रोग्रॅमने स्थानिक कॅशेचा (तात्पुरत्या साठ्याचा) आधार घेतला: बदल आधी संगणकाच्या डिस्कवर होतात, फाइल बंद झाल्यावर बकेटमध्ये जातात. याउलट २०१५ मधील गूफिस या प्रोग्रॅमने वेगाला अग्रक्रम देऊन पॉझिक्सचे, म्हणजे फाइल सिस्टीमने कसे वागावे हे सांगणाऱ्या मानकाचे, नियम दुय्यम ठरवले, आणि २०२३ मध्ये खुद्द अ‍ॅमेझॉनने आणलेल्या, रस्ट भाषेतील माउंटपॉइंटने साध्या बकेटमध्ये असलेल्या फाइलचे नाव बदलणे व तिच्या मधल्या भागात लिहिणे सरळ नाकारले. मला हे नाकारणे अधिक प्रामाणिक वाटते. निम्मे होऊन फसणाऱ्या कामापेक्षा आधीच मिळालेला नकार माहिती वाचवतो.

२०२५ मध्ये एस३ च्या एक्स्प्रेस वन झोन या वेगवान प्रकारात, ज्याच्या बकेटमध्ये डिरेक्टरींची खरी उतरंड असते, एका ऑब्जेक्टचे नाव एकाच विनंतीत बदलण्याची सोय आली. साध्या बकेटमध्ये मात्र अजूनही आधी प्रत, मग पुसणे हाच मार्ग आहे.