पेट्रोल 11 रुपयांनी उतरलं, तिजोरीचं काय?

2012च्या अर्थसंकल्पात गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरलं. ग्राहक खूश झाला. पण अशा निर्णयाने सरकारची तूट किती वाढेल, हे आधी कसं ठरवायचं?

पहिला हिशेब सोपा: वर्षभरात खपणारे लिटर गुणिले 11. मात्र त्यात लोक पूर्वीइतकंच पेट्रोल घेतील असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या बांदा-सावंतवाडीची गाडी सीमेवरच्या पत्रादेवीला आणि कर्नाटकातल्या कारवारची पोळ्याला येऊन टाकी फुल्ल करून जाणार, हे कुणीही सांगितलं असतं. मग वाढलेल्या खपातून बुडालेला कर भरून निघेल? छे! कराचा दर थेट दोनशेव्या हिश्श्यावर आला होता. जुनं उत्पन्न टिकवायला खप 200 पट व्हायला हवा. लिटरला जेमतेम पाच-सहा पैसे मिळत असताना सीमेपलीकडचं गिऱ्हाईक पंपवाल्याचा धंदा वाढवेल, तिजोरी नाही. व्हॅट 10 टक्के ठेवला असता तर दुप्पट खपावर भागलं असतं. दरही पुढे वाढवावाच लागला.

अमेरिकेत 1974च्या कायद्याने उभं राहिलेलं काँग्रेशनल बजेट ऑफिस हे संसदेचं कार्यालय विधेयकांचा असा हिशेब मांडतं, सहसा 10 वर्षांचा. तुलना आजच्या तुटीशी नसते. कायदा आहे तसाच राहिला असता तर तूट किती झाली असती, तिच्याशी असते. 2017च्या करकपातीचा अंदाज तिथल्या संसदेच्या संयुक्त कर समितीने काढला: 10 वर्षांत तुटीत सुमारे 1.46 लाख कोटी डॉलरची भर. कपातीमुळे अर्थव्यवस्था वाढून जो जादा कर येईल तो धरल्यावर 1.07 लाख कोटी. म्हणजे 'वाढीतून कपातीचे पैसे वसूल होतील' हा दावा साधारण पाव हिस्सा खरा.

खर्चाच्या बाजूलाही हीच गंमत. गोव्यात गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गृह आधार योजनेची रक्कम महिन्याला 500 रुपयांनी वाढवली, तर दर लाख महिलांमागे वर्षाला 60 कोटी. पण रक्कम वाढली की आजवर अर्ज न केलेल्याही रांगेत येतात, आणि खरा अंदाज त्यांचाच बांधायचा असतो.

पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, मांडल्या जाणाऱ्या विधेयकांना वित्तीय ज्ञापन, म्हणजे सरकारवर किती खर्च पडेल ते सांगणारं टिपण, जोडलेलं असतं. पुष्कळदा त्यात एवढंच असतं: आर्थिक भार नाही. भार असेल तिथे निदान किती खप, किती अर्ज आणि किती वर्षं धरली, एवढं तरी छापावं. आकडा चुकला तर नेमका कुठे चुकला ते पुढच्या अधिवेशनात विचारता येईल.