‘वाटणे’वरचे टिंब

भाच्याचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आई शेजारच्या मासींना सांगायला गेली, “अमे पेंडा वाट्या.” मासी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “वाट्या? मिक्सरमां?” बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्म गेलेल्या आईचे गुजराती चांगले आहे, पण क्रियापद ऐन वेळी मराठी निघाले. गुजरातीत ‘वाटवुं’ म्हणजे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटणे. इथे मिळणारे ‘वाटी दाळनां खमण’ हे वाटीभर डाळीचे नसते, भिजवून वाटलेल्या डाळीचे असते. (आमच्याकडे पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा ती वाटी शोधतो.) पेढे वाटायचे असतील तर शब्द ‘वहेंचवुं’. आई चूक सुधारायला गेली, त्यातला ह आणि नाकातला उच्चार घाईत गिळला, आणि झाले ‘वेच्या’. म्हणजे विकले.

हसून झाल्यावर मात्र प्रश्न उरतो: मराठीत एकाच ‘वाटणे’मध्ये वाटप, चटणी आणि मनातला समज हे तिन्ही कसे येऊन बसले?

ते मुळात एक नव्हतेच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिच्यात हिस्से करून देण्याचे ‘वांटणें’ ‘वा’च्या डोक्यावर टिंब घेऊन येते, तसेच ‘वांटा’ आणि ‘वांटणी’. मसाल्याचे वाटणे आणि ‘मला वाटते’मधले वाटणे यांना ते टिंब नाही. ते टिंब शोभेचे नव्हते. संस्कृतात ‘वण्ट्’ म्हणजे विभागणे. त्यातला अनुनासिक प्राकृतातून मराठीत आला, हिंदीत ‘बाँटना’मध्ये राहिला आणि कोकणीत ‘वांटो’ म्हणताना आजही नाकातून ऐकू येतो. ‘मला वाटते’ हे मात्र संस्कृत ‘वर्तते’च्या घराण्यातले.

बडोद्याच्या आसपासच्या जमिनींनीही तो जुना उच्चार जपला. गुजरातच्या सुलतानांच्या काळात, पंधराव्या शतकात, ठाकोरांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, जमिनीचे चारपैकी तीन हिस्से सरकारकडे गेले, ते ‘तळपद’. चौथा हिस्सा त्यांच्याकडे राहिला, तो ‘वांटो’. मराठे इथे आले तेव्हा वाट्याची भाषा त्यांनाही नवी नव्हती. नुसत्या चौथाईचे तुकडे पाहा: सातारच्या शाहूंच्या काळात बसलेल्या घडीप्रमाणे शंभरातले पंचवीस ‘राजबाबती’, सहा ‘साहोत्रा’ (तो पंत सचिवांचा), तीन ‘नाडगौडा’ आणि उरलेले सहासष्ट ‘मोकासा’, सरदारांसाठी. पुढे पेशव्यांनी दमाजी गायकवाडांना कैद केले आणि १७५२च्या तहात गुजरातचा निम्मा मुलूख मागून घेतला. १७५३ मध्ये दोघांनी मिळून अहमदाबाद घेतले आणि त्याचेही उत्पन्न निम्मेनिम. कागदोपत्री ‘हिस्सा’, ‘तक्षीम’, ‘निमे’ असे फारसी-अरबी वळणाचे शब्द चालत. घरात मात्र वाटा आणि वाटणीच.

टिंब गेले ते १९६२ मध्ये. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार, व्युत्पत्तीने सिद्ध होत असले तरी, काढून टाकले. ‘नांव’चे नाव झाले, ‘पांच’चे पाच, आणि ‘वांटणें’ने तर दोन्ही टिंबे गमावली. निर्णय योग्यच होता असे मी म्हणेन. ज्याचा उच्चारच नाही त्यासाठी पोरांचे गुण का कापायचे? पण आमच्या आजीने तो कधी मनावर घेतला नाही. तिच्या खर्चाच्या वहीत संक्रांतीच्या एकाच पानावर ‘तिळगूळ वांटला’ आणि दोन ओळी खाली ‘डाळ वाटली’ असे आहे. वाचणाऱ्याला क्षणभरही अडखळावे लागत नाही. (वाण मात्र तिने ‘लुटले’. वाण आणि दसऱ्याचे सोने आपण वाटत नाही, लुटतो.)

आता टिंबाचे काम विभक्तीला करावे लागते. ‘आईने पेढे वाटले’ यात ‘ने’ आहे, म्हणजे करणारी आई. ‘आईला पेढे वाटले’ म्हटले की डबा उघडेपर्यंत आईला आत पेढे आहेत असा भास झाला, इतकेच. आईला पेढे मिळाले असे सांगायचे असेल तर ‘दिले’ हवे, कारण वाटायला घेणारे अनेक लागतात. एकट्याला वाटता येत नाही. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, पण क्रियापद वस्तूच्याच मागे जाते: मी साखर वाटली, मी पेढे वाटले, बोलणारा बाबा असो की बाई. त्यातही साखर दिली की मिक्सरला लावली हे पुढचे वाक्यच सांगणार.

याहून बारीक फरक ‘ना’ आणि ‘त’ यांचा. ‘मुलांना खाऊ वाटला’ म्हणजे हाताला येईल तसा दिला, डब्यात थोडा उरलाही असेल. ‘तिघा भावांत जमीन वाटली’ म्हणजे पूर्ण जमिनीचे हिस्से पडले, मागे काही उरले नाही. म्हणून वाटणीच्या कागदात ‘भावांना’ लिहिलेले दिसले की मला खटकते: मग उरलेली कोणाची? वाटून देणारा तिसरा असतो, वाटून घेणारे आपापसातले. देशाची झाली ती ‘फाळणी’, घराची होते ती ‘वाटणी’; हिंदीतला ‘बँटवारा’ दोन्हीकडे चालतो, आपला नाही.

आमच्या बडोदेकरांची खास चूक लिंगाची आहे. गुजरातीतली ‘वहेंचणी’ स्त्रीलिंगी, मराठीतली ‘वाटणी’ही स्त्रीलिंगी, त्या दोघींच्या संगतीने ‘वाटप’ही स्त्री होऊन बसते. गणपतीत आमच्या मंडळाच्या फळ्यावर दरवर्षी खडूने ‘प्रसादाची वाटप ८ वाजता केली जाईल’ असे लिहिलेले असते. वाटप नपुंसकलिंगी: प्रसादाचे वाटप केले जाईल. मागच्या वर्षी मी गुपचूप ‘ची’चे ‘चे’ आणि ‘केली’चे ‘केले’ केले. दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा पहिल्यासारखा, आणि खाली वेगळ्या अक्षरात ओळ: ‘कृपया फळ्याच्या वाट्याला जाऊ नये.’ ती ओळ अगदी शुद्ध होती.