भाड्याने द्यायच्या घरासाठी कर्ज: फाईल नेमकी कुठे अडकते

राहत्या घराला कर्ज सहज मिळालं होतं, मग भाड्याने द्यायच्या घरालाही मिळेलच, असं धरून लोक टोकन देऊन मोकळे होतात आणि फाईल परत आली की धावपळ सुरू. म्हणून टोकन द्यायच्या आधी हे वाचा.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या स्लिपा किंवा धंद्याची रिटर्न, चालू कर्जांचा तपशील, घराचे मालकीचे कागद हे सगळीकडेच मागतात, फक्त सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना ते बघा.

पात्रतेत मुख्यतः बघतात ते हे की सगळे हप्ते गेल्यावर तुमच्याकडे किती उरतं. भाड्याच्या घरात बँकेला धोका जास्त वाटतो, कारण पैशाची तंगी आली की माणूस आधी त्या घराचा हप्ता थांबवतो, राहत्या घराचा नाही, म्हणून बऱ्याचदा डाऊन पेमेंट जास्त मागतात आणि व्याजही थोडं जास्त लावतात. यावर कोणी सांगेल की फॉर्मवर ‘स्वतः राहणार’ असं लिहून टाका. अजिबात लिहू नका! खोटं निघालं तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते, आणि सही तुमची असते, सांगणाऱ्याची नसते.

सगळ्यात जास्त फाईली अडकतात त्या भाड्याच्या पुराव्यावर. माझ्यासमोर एका काकूंनी सहा वर्षांच्या भाड्याची वही काढली, दर महिन्याला भाडेकरूची सही, एक महिना चुकलेला नाही, आणि समोरच्या साहेबांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. मला फार वाईट वाटलं, निदान कारण तरी नीट सांगायचं. कारण हे की भाडं रोखीत होतं आणि करार कधीच संपलेला होता. बँकेला चालू करार आणि खात्यावर जमा झालेलं भाडं दोन्ही लागतं, तेव्हा आजपासूनच भाडं खात्यावर घ्यायला लागा. आणि ते भाडंही उत्पन्न म्हणून पूर्ण धरत नाहीत, अमेरिकेत फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) ७५ टक्केच धरते, बाकीचे २५ टक्के घर रिकामं राहणं आणि डागडुजीसाठी सोडून देते. तुम्ही स्वतःचा हिशोबसुद्धा असाच करा.

दुसरी अडचण डाऊन पेमेंटची. मोठी रक्कम अर्जाच्या तोंडावर खात्यात आली की विचारणार, कुठून आली? भावाने दिली असेल तर त्याचं पत्र लागतं, परत मागणार नाही असं लिहिलेलं, आणि त्याचा खातेउतारा. परत द्यायची असेल तर ते कर्जच आहे, तसंच दाखवा.

मग तारीख. सँक्शन लेटरची, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्राची, मुदत पत्रावरच्या तारखेपासून चालू होते, तुमच्या हातात पडल्यापासून नाही, आणि बहुतेक पत्रांत त्या मुदतीत पैसे उचलायचे असतात, नुसते कागद जमा करून भागत नाही. मुदत गेली की व्हॅल्युएशन (घराची किंमत ठरवणं), व्याजदर सगळं पुन्हा, आणि फीसुद्धा पुन्हा लागू शकते.

खर्चाचं म्हणाल तर लोक भाडं वजा हप्ता एवढंच मांडतात. मालमत्ता कर, विमा, मेंटेनन्स, दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने, रंगकाम, हे सगळं राहूनच जातं. शिवाय व्याज बदलतं असेल तर २० वर्षांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी दर लाखाला हप्ता साधारण ९०० बसतो, तोच १० टक्के झाला की ९६५. ९ टक्क्यांच्या पहिल्या हप्त्यात ९०० मधले ७५० नुसतं व्याज, मुद्दल फक्त १५०. भाड्यावरच्या करासाठी खर्च धरायचा तर तो व्याजाचा, मुद्दलाचा नाही, यात चूक करू नका.

आणि डाऊन पेमेंट भरून खातं रिकामं करू नका, काही बँका त्यानंतरही काही महिन्यांच्या हप्त्याएवढी शिल्लक दाखवा म्हणतात, तेव्हा ताज्या खातेउताऱ्यात ती दिसायला हवी.