सायबर सुरक्षा की डिजिटल फॉरेन्सिक्स? शिकायला बसण्याआधी कळायला हवा असा फरक

सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्स (संगणकातले पुरावे शोधून तपासण्याचं शास्त्र) ही दोन नावं पदव्यांच्या यादीत बऱ्याचदा एकाच ओळीत दिसतात. सुरुवातीचे विषयही जवळपास तेच असतात: नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, थोडं प्रोग्रॅमिंग. त्यामुळे प्रवेश घेताना दोन्ही एकच वाटतात आणि फरक समोर येतो तो लॅबमध्ये.

समजा, एका कार्यालयातल्या संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे फाइल अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, शिरलं आहे आणि एकेक फाइल एन्क्रिप्ट होते आहे, म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही अशी होते आहे. सुरक्षेच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो नुकसान थांबवण्याचा. हे मशीन नेटवर्कवरून तोडा, बाकीची तपासा, पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) लावा, बॅकअपवरून काम सुरू करा. फॉरेन्सिक्सच्या विद्यार्थ्याला त्याच क्षणी भीती असते की घाईत कुणीतरी मशीनच बंद करेल. वीज गेली की रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, रिकामी होते. चालू प्रोसेस, उघडी कनेक्शन्स, कधीकधी फाइल एन्क्रिप्ट करणारी कीसुद्धा तिथेच असते. जे लवकर नाहीसं होतं ते आधी गोळा करायचं, हा नियम २००२ सालच्या आरएफसी ३२२७ या पुरावे गोळा करण्याच्या मार्गदर्शक दस्तऐवजात नीट क्रमवार दिला आहे: प्रोसेसरमधले रजिस्टर आणि कॅश सगळ्यात वर, मग मेमरी, त्याच्या खाली डिस्क. नेटवर्क तोडा पण वीज चालू ठेवा, यावर दोघांचं सहसा जमतं. पण मशीन कधी पुसून पुन्हा वापरात आणायचं यावर खरी ओढाताण होते, आणि ती दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी अनुभवावी असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेचा अभ्यास मुख्यतः अजून न घडलेल्या गोष्टींचा असतो. हल्ला कुठून होऊ शकतो, कुणाला कशाची परवानगी द्यावी, कोणतं एन्क्रिप्शन कुठे कमी पडतं. गणित इथे जास्त लागतं. माणसांच्या सवयी आणि संस्थांचा कारभारही शिकावा लागतो. वॉनाक्राय या रॅन्समवेअरचंच पाहा. १२ मे २०१७ ला ते जगभर पसरलं. ज्या त्रुटीतून पसरलं तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. तंत्र हाताशी होतं, ते हजारो मशीनवर वेळेत का लागलं नाही, हा सुरक्षेच्या वर्गातला प्रश्न आहे.

फॉरेन्सिक्समध्ये गोष्ट घडून गेलेली असते. काय झालं हे तर शोधायचंच, शिवाय ते दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने दाखवायचं. म्हणून मूळ डिस्क राइट ब्लॉकरमधून (तिच्यावर काही लिहिलं जाऊ न देणाऱ्या उपकरणातून) जोडायची, तिची बिट-बाय-बिट इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची, दोन्हींचा हॅश (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) जुळवायचा आणि काम इमेजवरच करायचं. डिस्क कुणाच्या हातातून कुणाकडे गेली याची नोंद, म्हणजे चेन ऑफ कस्टडी, तुटली तर उत्तम विश्लेषणही वाया जाऊ शकतं.

एक उदाहरण जवळून पाहू. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) फाइलच्या वेळांचे दोन संच असतात. आपल्याला एक्सप्लोररमध्ये दिसतो तो एक, आणि तारखा बदलणारी साधी टूल्स तोच बदलतात. दुसरा बहुधा जसाच्या तसा राहतो. दिसणारी तारीख तीन वर्षांपूर्वीची आणि आतली कालची, असं सापडलं की नवा विद्यार्थी लगेच लिहितो, ‘तारखेत फेरफार झाला.’ पण झिपमधून काढलेल्या किंवा इन्स्टॉलरने टाकलेल्या फाइलमध्येही असा फरक अगदी निर्दोषपणे येऊ शकतो. ती शक्यता आधी खोडून काढावी लागते. या विषयाचं खरं शिक्षण मला इथेच दिसतं. टूल चालवणं लवकर जमतं, आपल्याच निष्कर्षावर शंका घ्यायला वेळ लागतो.

परीक्षेची तऱ्हाही निराळी. सुरक्षेच्या लॅबमध्ये सर्व्हरमध्ये शिरता आलं का, किंवा शिरणाऱ्याला अडवता आलं का, हे बऱ्यापैकी लगेच कळतं. फॉरेन्सिक्समध्ये गुण जातात ते अहवालात. ‘अमुक व्यक्तीने फाइल डाउनलोड केली’ हे वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. ‘अमुक खातं लॉग-इन असताना, अमुक वेळी ही फाइल डिस्कवर तयार झाली’ एवढंच पुरावा सांगतो. कीबोर्डवर बोटं कुणाची होती हे डिस्कला माहीत नसतं. लिहिण्याचा कंटाळा असलेल्यांनी हा विषय घेण्याआधी खरंच विचार करावा. त्यांना सुरक्षेत जास्त रमायला होईल, जरी तिथेही अहवाल पूर्णपणे टळत नाहीत.

मन फॉरेन्सिक्सकडेच ओढत असेल तरी सुरक्षेचा पाया आधी पक्का करा. हल्ला कसा होतो हे माहीत नसेल तर त्याचे माग ओळखता येत नाहीत. आणि अभ्यासक्रम निवडताना त्यात मेमरी, मोबाइल आणि क्लाउड आहेत का ते बघा. फक्त हार्ड डिस्कवरून डिलीट झालेल्या फाइल परत आणण्यावर भर असेल, तर तो जुना झाला आहे: एसएसडी या नव्या प्रकारच्या ड्राइव्हमध्ये ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू असलं की डिलीट झालेला मजकूर ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते, आणि परत आणायला बहुतेक वेळा काही उरत नाही.