रिपोर्ट वाचता येतो, समजावता येतो का?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतला मुलगा एमबीबीएसला लागला, की तो अख्ख्या विंगचा फुकटचा सल्लागार होतो. फुल बॉडी चेकअपचे रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडायला लागतात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं सीए-१२५, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन, जास्त म्हणून ठळक अक्षरांत छापून आलेलं असतं, इंटरनेटने त्यांना एव्हाना अंडाशयाच्या कॅन्सरपर्यंत नेऊन सोडलेलं असतं. "बघ ना जरा, घाबरण्यासारखं आहे का रे?" सीए-१२५ पाळीच्या दिवसांतही वाढतं, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठींनीही वाढतं, हे त्याने वाचलेलं असतं. पण काकूंना उत्तर द्यायचं तर शक्यतेचं गणित यावं लागतं, आणि तिथे भलेभले गडबडतात.

किती गडबडतात, ते १९७८ साली अमेरिकेत दिसलं. हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, म्हणजे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ अशा सगळ्यांना, एक प्रश्न विचारला. हजारात एकाला होणारा आजार आहे. चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी काहीच माहीत नाही. तर त्याला तो आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. आता हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. खरा आजारी एक, तो सापडला असं धरू. उरलेल्या ९९९ पैकी साधारण ५० निरोगी माणसं उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे ५१ पॉझिटिव्हमध्ये आजारी एकच, जेमतेम २ टक्के. हे बरोबर सांगणारे ६० पैकी ११ निघाले. बेरीज-भागाकाराच्या पलीकडचं यात काही नाही, आणि हार्वर्डची मंडळी काही मठ्ठ नव्हती.

आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं, पारखणं आणि वापरणं, या सगळ्याला मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात. आजवर ती मोजली ती बहुतेक रुग्णांची. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट व्हायला निघालेल्यांकडे ती असणारच, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. अभ्यास वाढतो तसे शब्द वाढतात. ते न कळणारा माणूस कसा विचार करतो, हे मात्र विसरायला होतं.

महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगार घ्या. सकाळी आठला घरी येतो, नुसता चहा घेऊन झोपतो, दुपारी तीनला उठून जेवतो. त्याच्या केसपेपरवर ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीपुढे '१-०-१', म्हणजे सकाळी एक, रात्री एक, असं लिहिलंय. ही गोळी घेऊन पोटात काही गेलं नाही, तर साखर खाली येते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला कसं लावते, हे विद्यार्थी घडाघडा सांगेल. या माणसाची 'सकाळ' कुठली, हे पुस्तकात नसतं. ते त्यालाच विचारावं लागतं.

"समजलं ना?" असं विचारलं, की "हो साहेब" हेच उत्तर येतं. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जेमतेम वाचता येणाऱ्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांनी 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना बरोबर सांगितली. दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितल्यावर जमलं ते ३५ टक्क्यांना. म्हणून विचारायचं असं: "गोळ्या कशा घेणार, मला सांगा बघू. मी नीट सांगितलं का, ते तपासतोय." परीक्षा सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या ओपीडीत दिव्या-मुंब्र्यापासूनची रांग बघितली, की याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मधुमेहींच्या २००३ च्या अभ्यासात, डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी फक्त १५ समजल्या की नाही हे तपासलं गेलं. तपासलं त्या भेटी मात्र जास्त लांबल्या नाहीत. अर्थात तिथली भेट सरासरी वीसेक मिनिटांची. आपल्याकडे निदान औषधापुरतं तरी विचारता येईल. उरलेलं नर्स आणि औषधाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने विचारावं.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्यांचा वेगळा भाग आला, स्थानिक भाषाही आली. चांगलंच झालं. पण संवाद म्हणजे गोड बोलणं, अशी समजूत त्यातून होऊ नये. परीक्षेत एखादा अनोळखी माणूस समोर बसवावा, विद्यार्थ्याने त्याला इन्सुलिनचं पेन समजावून सांगावं, मग त्या माणसाने स्वतः मात्रा लावून स्पंजात सुई टोचून दाखवावी; आणि विद्यार्थ्याला गुण द्यावेत ते त्या माणसाला जमलं की नाही यावर.