प्रोटॉन खारघरला, कोबाल्ट वाशीला

अणूत प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, हे शाळेत सगळ्यांचंच पाठ होतं. पुस्तकातल्या आकृतीत मात्र तिघंही सारख्याच आकाराच्या गोळ्या म्हणून काढलेले असतात आणि गडबड तिथेच होते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड आहे. न्यूट्रॉन प्रोटॉनहून जेमतेम ०.१४ टक्क्याने जड, पण त्याच्यावर विद्युतभार नाही. एवढ्या फरकाने प्रत्यक्षात काय होतं, हे समजून घ्यायला नवी मुंबईइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी. वाशी ते खारघर या पट्ट्यात तिन्ही कणांच्या गुणांचा रोजच्या रोज वापर होतो.

वाशीत बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीचा, म्हणजे ‘ब्रिट’चा, मसाले निर्जंतुक करण्याचा विकिरण (म्हणजे किरणांचा मारा करण्याचा) प्रकल्प २००० सालापासून चालू आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी पणन मंडळाचं विकिरण केंद्रही वाशीतच आहे. अशा प्रकल्पांचा आधार म्हणजे कोबाल्ट-६०, आणि त्याचा जन्म होतो तो न्यूट्रॉनमुळे.

साध्या कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. निसर्गात तो या एकाच रूपात सापडतो आणि पूर्ण स्थिर असतो. त्याच्या कांड्या अणुभट्टीत ठेवल्या की तिथले मोकळे न्यूट्रॉन त्यांच्यात शिरतात. बाहेरून प्रोटॉन आला असता तर केंद्रकातल्या धनभाराने त्याला लांबच ढकललं असतं. न्यूट्रॉनला भारच नाही, त्यामुळे तो थेट आत जाऊन बसतो. बत्तिसाचे तेहतीस होतात, प्रोटॉन धरून एकूण साठ; कोबाल्ट-६० मधले साठ ते हेच. प्रोटॉन २७च राहतात, म्हणून धातू कोबाल्टच राहतो, पण केंद्रक अस्थिर होतं.

पुढे त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या आणखी छोट्या कणांचा बनलेला असतो: दोन डाउन क्वार्क आणि एक अप क्वार्क. एका डाउनचा अप झाला की प्रोटॉन तयार, आणि हिशेब जुळवायला एक इलेक्ट्रॉन व एक अँटिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) बाहेर पडतात. हा इलेक्ट्रॉन दुबळा असतो; कांडीभोवतीच्या स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी आवरणात तो जिरून जातो. अँटिन्यूट्रिनो भिंती, जमीन, काहीही न जुमानता निघून जातो. कामाला येतात ते गॅमा किरण. प्रोटॉन एकाने वाढल्यामुळे कोबाल्टचं निकेल होतं, आणि हे नव्याने तयार झालेलं निकेल-६० आपली जास्तीची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्हीच्या दोन गॅमा किरणांत टाकून देतं. (एका इलेक्ट्रॉनला दहा लाख व्होल्टच्या फरकातून पळवलं की त्याला जितकी ऊर्जा मिळते ती एक एमईव्ही.)

अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. ४०० ग्रेने आंबा तापतो किती? जेमतेम ०.१ अंश सेल्सियस. पण माणसाच्या पूर्ण शरीराला चार-पाच ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. म्हणजे परिणाम उष्णतेचा नाही. गॅमा किरण अणूतले इलेक्ट्रॉन उडवतो, ते उडालेले इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन उडवतात, आणि या धुमश्चक्रीत फळमाशीच्या किंवा कोयीतल्या भुंग्याच्या डीएनएचे बंध तुटतात. कीड जागच्या जागी मरतेच असं नाही. तिची वाढ आणि पैदास थांबते. त्यामुळे विकिरण झालेल्या फळात जिवंत अळी दिसली म्हणजे प्रक्रिया फसली असं नव्हे.

आंबा किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतंच. त्यासाठी आंब्यातल्या अणूंच्या केंद्रकाला धक्का बसायला हवा. कार्बनच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला १८.७ एमईव्ही लागतात, ऑक्सिजनला १५.७. इथे हाताशी आहेत १.३३. आणि कोबाल्टला ज्यांनी किरणोत्सारी केलं ते न्यूट्रॉन अणुभट्टीतच राहिले. आंब्यापर्यंत ते येतच नाहीत.

खरी डोकेदुखी वेगळीच असते. खोक्यातल्या मधल्या फळाला ४०० ग्रे मिळेपर्यंत कडेच्या फळाला बरेच जास्त मिळालेले असतात, आणि ताज्या फळांसाठी अमेरिकेची कमाल मर्यादा १००० ग्रे आहे. मात्रा जास्त झाली की साल डागाळते, फळ मऊ पडतं. म्हणून खोक्यांच्या दोन्ही बाजू स्रोतासमोर आणाव्या लागतात. शिवाय कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू संपायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं; म्हणून स्रोत दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो. त्या प्रमाणात मालाचा किरणांसमोरचा वेळ वाढवत न्यावा लागतो. आणि हा स्रोत बंद करायला बटण नाही. काम नसताना कांड्या सुमारे सहा मीटर खोल पाण्यात उतरवून ठेवायच्या, एवढाच उपाय.

इलेक्ट्रॉनचं तसं नाही. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. तिथल्या दोन त्वरकांपैकी एक इलेक्ट्रॉनला १० एमईव्हीपर्यंत पळवतो. अशा यंत्राची वीज तोडली की झोत संपला, मागे काही उरत नाही. १० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९९.८८ टक्के वेगाने धावतो, तरी पाण्यात पाचेक सेंटीमीटरवर दम तोडतो. वजनच नाही! त्याची टक्कर होते ती दुसऱ्या इलेक्ट्रॉनशी, आणि कॅरमची सोंगटी सोंगटीवर आदळावी तशी दोघांचीही दिशा बदलते. एका बाजूने झोत टाकला तर कामाची खोली पाण्यात ३.३ सेंटीमीटरच्या आसपास. माल त्याहून जाड असेल तर पलटून दुसरीकडूनही टाकायचा. फारच जाड असेल तर मधला थर कोराच राहतो.

केबलच्या पॉलिथिनचे रेणू एकमेकांना जोडून ते उष्णतेला टिकाऊ करणं, हे अशा झोतांचं नेहमीचं काम. तिथे एक फजिती ठरलेली. पॉलिथिन विद्युतरोधक, थांबलेला इलेक्ट्रॉन त्यातून निसटू शकत नाही. आवरण जाड असेल तर भार आत साठत जातो आणि अचानक ठिणगी पडून आवरणाला सुईएवढी भोकं पडतात. हवेतून जाताना झोत ओझोनही तयार करतो, म्हणून यंत्र बंद केल्यावर पंखे काही मिनिटं चालू ठेवूनच आत जायचं. खाद्यपदार्थांसाठी १० एमईव्ही ही वरची मर्यादा आहे. त्यापुढे केंद्रकातले न्यूट्रॉन सुटण्याचा धोका वाढतो, आणि मग वर म्हटलेली आंब्याबद्दलची खात्री देता येत नाही.

खारघरलाच टाटा मेमोरियलच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्राच्या आवारात प्रोटॉन उपचार केंद्र आहे, ते मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. प्रोटॉन मिळवणं सोपं: हायड्रोजन वायू घ्यायचा, अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून टाकायचा, उरतो तो प्रोटॉन. पळवणं अवघड. २३० एमईव्ही ऊर्जा दिली तरी तो प्रकाशाच्या साठ टक्के वेगापर्यंतच पोचतो. पण एकदा निघाला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना ओरबाडत जवळपास सरळ जातो. सुरुवातीला वेग जास्त, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ थोडाच वेळ आणि नुकसान कमी. वेग उतरत जातो तसा तो प्रत्येकाजवळ जास्त रेंगाळतो, आणि थांबण्याच्या आधीच्या काही मिलिमीटरमध्ये ऊर्जेचा मोठा वाटा ओतून टाकतो. त्यापुढे जवळजवळ शून्य. डोळ्यामागच्या किंवा पाठीच्या कण्यालगतच्या गाठीला, विशेषतः लहान मुलांत, याचंच मोल आहे.

किती खोल जायचं ते ऊर्जेवर ठरतं. पाण्यात ७० एमईव्हीला सुमारे ४ सेंटीमीटर, १५० ला १६, २३० ला ३३. दीडशेच्या आसपास एका एमईव्हीची चूक म्हणजे जवळपास दोन मिलिमीटरचा फरक. मात्र गोंधळ यंत्राचा कमी आणि शरीराचा जास्त असतो. शरीर म्हणजे पाणी नव्हे. हाडात प्रोटॉन लवकर थांबतो, फुप्फुसात किंवा आतड्यातल्या वायूत पुढे निघून जातो. सीटी स्कॅनवरून काढलेल्या अंदाजात साधारण साडेतीन टक्के कमी-जास्त धरतात, म्हणजे १६ सेंटीमीटर खोलीवर साडेपाच मिलिमीटर. म्हणून थांबण्याची जागा ऐन मज्जारज्जूच्या तोंडावर येईल अशी दिशा शक्यतो टाळतात. उपचार पाच-सहा आठवडे चालतात, तेवढ्यात रोग्याचं वजन उतरतं. वाटेतली चरबी सेंटीमीटरभर कमी झाली तर झोतही साधारण तेवढाच पुढे सरकतो, म्हणून मधेच पुन्हा सीटी काढून आराखडा नव्याने करतात.